हयातीचा दाखला

साताऱ्याच्या ट्रेझरीत माझी खिडकी तिसरी.
जाळीला खाली एक फट.
आधी हात दिसायचे, माणूस मागून.

नोव्हेंबरात ती यायची, वडूजच्या पहिल्या गाडीनं.
पिशवीत पेन्शनीचं पुस्तक,
आणि फडक्यात माझ्यासाठी मूठभर मटकी.
घ्यायची नाही असा नियम होता. मी घ्यायचो.

गजराबाई केरबा खाडे.
हयात आहात?
"ही काय उभी."
पुनर्विवाह केला नाही?
पहिली दोन-तीन सालं ती जमिनीकडं बघायची.
मग एकदा हसली :
"औंदा बी न्हाय जमलं, साह्यब."
मी शिक्का मारला.

केरबाची फाईल पातळ होती.
उंची पाच फूट चार. डाव्या भुवईवर व्रण.
इटली. नदीचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचं.
शेवटी तार.
त्याच्या मरणाला एवढा एकच कागद पुरला,
तिच्या जगण्याला मात्र दर साली नवा लागायचा.

जुन्या दाखल्यांवर साक्षीदाराचा रकाना असतो.
सुरुवातीला सासऱ्याचा अंगठा,
पुढं दिराची सही, फराटेदार,
त्यानंतर कुणीच नाही. आमचा शिपाई.
माझ्या आधीची वर्षं मी अशी वाचली.
तार मार्चात आली आणि पोर एप्रिलात,
गावानं तिचं नावच तारा पाडलं.
तारा शिकली. कोरेगावच्या दवाखान्यात नर्स झाली.

त्र्याहत्तर साल. दुष्काळ.
त्या खेपेला मटकी नव्हती.
पुस्तकातून तिनं एक घडी काढली,
घडीच्या रेघांवर कागद कापडासारखा मऊ.
"तुमास्नी मोडी येतं म्हनं.
तारीला येत न्हाय. वाचणारं मास्तर गेलं."

त्याला लिहिता येत नव्हतं, तिला वाचता.
पलटणीतल्या कुण्या कारकुनानं लिहिलेलं,
गावातल्या मास्तरानं वाचलेलं,
आणि आता मी. तिसरा परका.

जेवणाच्या सुट्टीत पायरीवर बसून वाचलं.
खिलाऱ्या बैलाचा खूर बरा झाला का.
इथली नदी आपल्या येरळेएवढीच,
पण दोन्ही काठांना माणसाच्या दुप्पट उंच बांध,
आन् एकेका बांधापायी माणसं मरत्यात.
थंडीनं बंदूक बोटाला चिकटती.
एका म्हातारीनं वाळलेली अंजिरं दिली,
तिची भाषा कळली न्हाय, अंजिरं कळली.

ती ओठ हलवत होती.
माझ्याआधी अर्धा शब्द.
सगळं पाठ होतं तिला.
मग ती मला वाचायला का देत होती
हे मला अंजिरांनंतरच्या ओळीवर कळलं.

*माझं बरंवाईट झालं तर रडत बसू नको.
वय काय तुझं. म्होतूर लाव.
दादाला सांग, मी सांगितलंय.*

तिचे ओठ थांबले होते.
पुढची ओळ तिला ठाऊक होती,
ही नव्हती.

मी म्हणालो, "इथं शाई पुसलीय."

एस्टीचा हॉर्न वाजला. बडीशेपवाला ओरडून गेला.
ती कागदाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होती.
"व्हय," म्हणाली.
"मास्तर बी हितंच खोकलं व्हतं.
मामंजी फुडंच बसलं व्हतं तवा."

मी वाचू शकलो असतो. ती सेहेचाळीसची होती.
वाचलं असतं तर मग खिडकीत जाऊन
तो प्रश्न कोणत्या तोंडानं विचारणार होतो?
हे कारण मी पुढं शोधलं.
त्या वेळी नुसती जीभ जड झाली.

तिनं घडी घातली, जुन्या रेघांवर.
सुट्टी संपली. मी जाळीमागं गेलो, ती पुढं आली.
पुनर्विवाह केला नाही?
ती या खेपेला हसली नाही,
खाली पण बघितलं नाही.
शाईच्या गादीवर अंगठा ठेवला,
जरा जास्त वेळ,
आणि उमटवला.

पुढं तेरा वर्षं ती आली.
कागद पुन्हा काढला नाही.

शहाऐंशीत तारा आली, मृत्यूचा दाखला घेऊन.
नियमाप्रमाणं पुस्तक जमा करून घेतलं.
पत्राचं विचारलं.
"आईसंगं दिलं," ती म्हणाली.
"तिनंच सांगून ठेवलेलं. उशाला ठेवा म्हणाली, न वाचता."

भिंतीवर आजही असतील
अंगठे पुसल्याचे जांभळे डाग, शेकडो.
त्यात तिचा नाही.
ती पदराला पुसायची, आतल्या बाजूनं.